निळी टोपी आणि दोन विहिणी

“थे या घरात राहाले आली, तं मी चालली माया भावाकडं गोंदियाले! एका सयपाकघरात दोन म्हाताऱ्या मले चालत नाई!”

“मंग जाय न! कावून थांबली? स्टेशनावर मी सोता येतो, झेंडी दाखवाले!”

“पाह्य प्रकाश, पाह्य! तुया सासूची जबान पाह्य!”

प्रकाशनं काही पाहिलं नाही. तो वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता.

हे भांडण सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, दुर्ग शहराच्या मोहन नगरात, माझ्या लेकीच्या घरी, सकाळचा चहा उकळायच्या आधीच उकळलं होतं. पहिला आवाज कुसुमबाईंचा. ती माझी विहीण. दुसरा आवाज माझा. प्रकाशराव तिचा मुलगा, म्हणजे माझे जावई. आणि आम्हा दोघींच्या बरोब्बर मधे स्टुलावर हाताची घडी घालून बसलेली ती नंदा, माझी लेक. राज्याच्या पोलिसात इन्स्पेक्टर आहे. ठाण्यात तिच्या एका हाकेनं पंखेसुद्धा सरळ फिरतात. घरात तिचं कोणी ऐकत नाही.

कारण असं झालं. नंदाला शांतिसेनेच्या पोलिसात जायला दुसऱ्यांदा बोलावणं आलं. जगभरच्या देशांतून वेचून पोलीस नेतात, त्यात आमची एक. आफ्रिकेतला एक देश, एक वर्ष. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण नंदानं बजावलंय, “आई, तू लिहिणार म्हणजे वाढवून लिहिणार. नाव नको.” मी वाढवून लिहीत नाही. घडलेलंच मोठं असतं, त्याला मी काय करू?

तर नंदा गेली की कुसुमबाई घरी एकटी. तिला शुगर आहे, मधेच चक्कर येते. प्रकाशरावांची स्टील प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी. म्हणून मी वैशाली नगरचं माझं घर बंद करून वर्षभर इथं येऊन राहायचं. मागच्या वेळी राहिले होते. मोहन नगर ते वर्ष अजून विसरलेलं नाही.

नंदानं सकाळीच सांगून टाकलं, “तुम्ही दोघी एका घरात राहायला राजी असाल तरच मी जाईन. नाही तर संध्याकाळी फोन करून नाही म्हणते.”

तोंडानं ती एवढंच म्हणाली. पण तिची शांतिसेनेची निळी टोपी धुऊन गच्चीवर वाळत घातलेली मी पाहिली होती. जायचं नसेल तर टोपी कोण धुतं?

आमच्या घरात भांडणाला दम लागला की किस्से निघतात. या मिशनच्या किस्स्यांचं तर सिंकमधल्या भांड्यांसारखं आहे. एक घासून ठेवावं, मागून दोन येऊन पडतात. त्या दिवशी दिवसभर आम्ही भांडत होतो आणि मधेमधे किस्से घासत होतो. त्यातले काही सांगते.

*

पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडच्या पावर हाउस भागातल्या बाजारात मी अभिमानानं सांगत सुटले. भाजीवाला म्हणाला, “माताजी, बिटिया वहाँ के चोर पकड़ के यहाँ लाएगी क्या? अपना जेल तो पहले से फुल है!”

मी म्हटलं, “पूरे दुनिया की पुलिस है वो! किसी को भी पकड़ सकती!”

त्यानं भेंडीवर कोथिंबीर फुकट दिली. मी रुबाबात लेकीच्या घरी आले आणि नंदाला विचारलं, “तिकडं पहिले कोनाले पकडशीन?”

“कोणालाच नाही. आम्हाला पकडायचा अधिकारच नसतो.”

“मंग?”

“पकडायचं तिथल्या पोलिसांनी. आम्ही त्यांच्यासोबत गस्त घालायची, त्यांना शिकवायचं, लोकांचं ऐकायचं आणि जे दिसलं ते वर कळवायचं.”

“बंदूक?”

“आमच्या तुकडीला नाही.”

“लाठी तरी?”

“नाही.”

“आन् समोर भांडन पेटलं तं?”

“मधे जाऊन उभं राहायचं.”

“नुसतं?”

“नुसतं नाही. निळी टोपी घालून.”

मला हसू आवरेना. म्हटलं, “बंदूक नाई, लाठी नाई, पकडाचं नाई! एवढ्या कामाले तं मीच जाऊ शकतो व!”

नंदा शांतपणे म्हणाली, “तुला नाही घेणार, आई. तिथं आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.”

कुसुमबाई एवढी हसली, एवढी हसली, की तिची शुगर त्या दिवशी नॉर्मल आली!

*

जायच्या आधी परीक्षा असतात. इंग्रजीची, आणि गाडी चालवायची. मोठी थोरली जीप खांबांच्या मधून मागं मागं न्यायची आणि एकाही खांबाला धक्का लावायचा नाही. नंदा ठाण्याच्या गाडीत कायम मागं बसणारी. ड्रायव्हर असताना साहेब कशाला शिकतात?

मग प्रकाशरावांनी शिकवायचं ठरलं. एका मैदानात खांब म्हणून माझ्या घरच्या सगळ्या बादल्या मांडल्या. नंदा जीप मागं घेते, कडाड्! बादली गेली. पुन्हा घेते, कडाड्! दुसरी गेली. प्रकाशराव ओरडतात, “अरे स्टेअरिंग उलटा! उलटा!” ती उलटा करते, तिसरी जाते.

महिनाभर मी घरात पातेल्यानं अंघोळ केली. पण पोरगी पास झाली!

तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायची पद्धत. एक वर्ष तशी चालवली. परत आली आणि पहिल्याच दिवशी स्कूटी घेऊन पावर हाउसच्या चौकात उजव्या बाजूनं घुसली! ट्रॅफिकच्या पोट्ट्यानं शिट्टी मारली, हात आडवा केला, आणि मग चेहरा पाहिला.

“मॅडम... आप?”

आता आपल्याकडं साहेब काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नंदा तिकडून नवीन सवय घेऊन आली होती. स्कूटी बाजूला लावून म्हणाली, “मेरी गलती है। चालान बनाइए।”

त्या बिचाऱ्यानं नोकरीत असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्याला वाटलं ही काहीतरी परीक्षा आहे. तो तसाच ताठ उभा राहिला. आणि त्यानंतर पुढचा अर्धा तास राँग साइडनं जो जो आला, ऑटो, सायकल, गॅसच्या सिलिंडरचा हातठेला, त्या सगळ्यांना त्यानं सलाम ठोकला! कोण जाणे, कोण साहेब निघेल!

*

हा किस्सा नंदानं सांगितला की कुसुमबाईसुद्धा भांडण थांबवते.

तिकडं नंदाच्या टीममध्ये दोघं होते. ग्रेस नावाची घानाची हवालदारीण, नंदाची खोलीतली सोबतीण. आणि लार्स नावाचा नॉर्वेचा अधिकारी, इतका उंच की दारातून येताना नेहमी नमस्कार करत येतो असं वाटायचं. तिघांना एका गावातल्या ठाण्याला मदत करायला पाठवलं. ठाणं म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल, एक ठाणेदार, आणि टेबलाच्या पायाला बांधलेली एक बकरी.

बकरी म्हणजे मुद्देमाल! दोन शेजारी म्हणत होते की बकरी माझी. केस लागेपर्यंत बकरी ठाण्यात.

लार्सनं पाहिलं आणि त्याला राहवेना. मुद्देमाल कसा सांभाळावा यावर त्यानं ठाणेदाराला तासभर शिकवलं. नंबर पाहिजे, सील पाहिजे, चिठ्ठी पाहिजे. त्यानं स्वतः सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहून बकरीच्या गळ्यात बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत बकरीनं चिठ्ठी खाल्ली.

दुसरी बांधली. तीही खाल्ली. सील तर तिला फारच आवडलं.

नंदानं इथं गावाकडच्या ठाण्यात बरीच वर्षं काढलेली. ती ठाणेदाराला म्हणाली, “निर्णय तुमचा. पण माझा सल्ला विचाराल तर बकरीला सोडून बघा. ज्या घरची, त्या घरी जाईल.”

ठाणेदाराला पटलं. सगळा गाव जमला. दोन्ही शेजारी आपापल्या दारात पाला घेऊन उभे. बकरीची दोरी सोडली. बकरी निघाली. पहिल्या दाराकडं तिनं पाहिलंच नाही. दुसऱ्या दारापाशी थांबली, गावानं श्वास रोखला, आणि बकरी वळली. सरळ मिशनच्या पांढऱ्या जीपपाशी आली, उडी मारली आणि लार्सच्या सीटवर जाऊन बसली!

लार्स कानापर्यंत लाल. रोज जेवणाच्या सुट्टीत तो तिला आपल्या वाट्याची बिस्किटं चारत होता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ठाणेदार गंभीरपणे उठला, टोपी सरळ केली आणि गावाला जाहीर केलं, “तपास पूर्ण झाला. बकरी नॉर्वेची!”

*

“बकरीले पन समजते, कोन माया लावते थे,” कुसुमबाई माझ्याकडं बघत म्हणाली. “काई लोकायले नाई समजत.”

“बकरीले बिस्कुटं भेटले म्हून गेली थे,” मी म्हटलं. “तुया घरी तं मले चहात साखर मांगा लागते!”

झालं. पुन्हा पेटलं. मग नंदानं फोडणीचा किस्सा काढला. तो काढायला नको होता.

तिकडच्या छावणीत सगळे देश आळीपाळीनं जेवण बनवून एकमेकांना खाऊ घालतात. नंदाची पाळी आली. तिनं ठरवलं पाटवड्यांचा रस्सा करायचा. राहायच्या खोल्या म्हणजे लोखंडी डबे, मालगाडीचे असतात तसे. खिडकी इवलीशी. त्यात नंदानं कढईत तेल तापवलं आणि घरचं तिखट टाकलं.

आधी ग्रेस शिंकली. मग भिंतीपलीकडचे दोघं. मग त्यांच्या पलीकडचे चौघं. डोळ्यांतून पाणी, घशात काटे, कोणाला काही बोलता येईना. पहाऱ्यावरच्या शिपायानं पाहिलं, माणसं डोळे धरून पळताहेत. त्यानं भोंगा दाबला!

आख्खी छावणी हेल्मेट घालून बंकरमध्ये. कितीतरी देशांचे पोलीस एकमेकांच्या मांडीवर. बाहेर एकटी नंदा, कढईपाशी. फोडणी सोडून पळायची तिला आईनं शिकवण दिलेली नाही.

वॉकीटॉकीवर मोठ्या साहेबांचा आवाज आला, “कोणता गॅस आहे? ताबडतोब कळवा!”

बंकरमधून ग्रेसनं उत्तर दिलं, “जेवण आहे, सर!”

हा किस्सा ऐकून मी छाती फुगवून म्हटलं, “शेवटी तिखट कोनाचं!”

“कोनाचं म्हंजे?” कुसुमबाई ताडकन उठली. “थे तिखट मायं होतं! भिवापुरी मिरची मी आनली, मी कुटली!”

“देठं कोनं खुडले? आठ दिवस शिंका कोनाले आल्या?”

“शिंकनं म्हंजे कुटनं नोहे!”

“मायं तिखट होतं म्हून छावनी पळाली! तुयं असतं तं कोनी खोकललं पन नसतं!”

नंदा म्हणाली, “अहो, त्या दिवशी पन्नास लोकांना डॉक्टरकडं न्यावं लागलं!”

“मायंच तिखट!” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

*

मागच्या वर्षी या घरात काय झालं, तो किस्सा मात्र प्रकाशराव सांगतात. हळू आवाजात सांगतात, पण सांगतात.

नंदा गेली त्याच आठवड्यात स्वयंपाकघरावरून आमची लढाई सुरू झाली. कुसुमबाई मोहरी आधी टाकते, मी जिरं आधी टाकते. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. माणसं यापेक्षा लहान गोष्टीवरून भांडतात, फक्त ती पेपरात मोठी करून छापतात.

नंदानं व्हिडिओ कॉलवर दोघींचं म्हणणं ऐकलं आणि समझोता काढला. ओट्याची डावी बाजू कुसुमबाईची, उजवी माझी. मधली शेगडी कोणाचीच नाही. तिथं फक्त मीठ आणि तेल राहील, आणि ती ओलांडताना आधी सांगायचं. तिकडं दोन टोळ्यांच्या मधे अशीच मोकळी पट्टी ठेवतात म्हणे. प्रकाशराव निरीक्षक. दिवसातून दोनदा स्वयंपाकघरात चक्कर मारायची, कोणाची बाजू घ्यायची नाही.

पहिल्याच दिवशी निरीक्षक फसले. दोन्हीकडच्या पोळ्या खाऊन म्हणाले, “दोन्ही मस्त आहेत.”

“दोन्ही म्हंजे?” मी विचारलं.

“दोन्ही म्हंजे?” त्यांच्या आईनं विचारलं.

पुढं गच्चीचीही अशीच वाटणी झाली, आणि एकदा कुसुमबाईचं वाळत घातलेल्या बोर-मिरच्यांचं ताट माझ्या भागात सरकलेलं मी पकडलं. लगेच फोन लावला. तिकडून नंदानं इन्स्पेक्टरच्या आवाजात विचारलं, “आई, तू स्वतः पाहिलंस? ताट कोणी सरकवताना पाहिलं? वारा होता का?”

“मी तुई माय आहो का आरोपी व?”

“आत्ता तू तक्रारदार आहेस. वारा होता का?”

वारा होता. केस गेली.

तेव्हापासून प्रकाशराव स्वतःहून जास्तीच्या शिफ्ट मागू लागले. ते ब्लास्ट फर्नेसपाशी कामाला आहेत, जिथं लोखंडाचं पाणी होतं. सोबतचे म्हणाले, “यार, इतनी गर्मी में डबल ड्यूटी?”

प्रकाशराव म्हणाले, “घर से तो ठंडा है भाई!”

*

एक किस्सा नंदा नेहमी शेवटी सांगते, आणि सांगताना नेहमी थोडी वेगळ्या आवाजात सांगते.

तिकडं घरदार सोडून पळून आलेल्या लोकांची एक वस्ती होती. तिथल्या बाया सरपणाला रानात जायच्या आणि वाटेत त्यांना त्रास व्हायचा. कोण त्रास देतं हे त्या पुरुष पोलिसांना सांगत नव्हत्या. का सांगाव्यात? आपल्याकडं तरी सांगतात का? लार्स चांगला माणूस, पण साडेसहा फुटांवरून विचारलं तर बाई मान खाली घालणारच.

मग ग्रेस आणि नंदा जाऊन त्यांच्यात नुसत्या बसल्या. काही विचारलं नाही. बायांनी नंदाचे लांब केस पाहिले आणि वेण्या घालायला घेतल्या. बारीक बारीक, डोकंभर. दोन दुपार लागल्या. पहिल्या दुपारी बाया केसांवर बोलल्या, दुसऱ्या दुपारी रानातल्या वाटेवर. कुठलं वळण, कुठली माणसं, सगळं.

नंदानं ते वर कळवलं. ठरलं की रोज सकाळी गस्त बायांसोबत रानात जाईल. पुढं लार्स, मागं ग्रेस आणि नंदा, सोबत तिथले दोन शिपाई. त्रास थांबला. मी लेकीचं कौतुक फारसं करत नाही, पण हे ऐकलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले होते.

आता पुढचं ऐका. आठवडाभर बायांनी पाहिलं की हा लांबडा गडी रिकाम्या हातानं जातो आणि रिकाम्या हातानं येतो. त्यांच्या वस्तीत असं चालत नाही. एका आजीबाईनं त्याला थांबवलं, नखशिखांत पाहिलं, वाकायला लावलं, आणि आपली मोळी त्याच्या डोक्यावर ठेवून दिली. निळ्या टोपीच्या वर! मग दुसरीनं तिची त्याच्या काखेत दिली.

लार्सनं नंदाकडं पाहिलं. “नियमात बसतं का हे?”

नंदा म्हणाली, “नियमात लोकांचा विश्वास मिळवा असं लिहिलंय.”

त्या दिवशी ग्रेसनं वॉकीटॉकीवर कळवलं, “गस्त शांततेत परतत आहे. एक अधिकारी दिसत नाही, पण सरपण चालताना दिसतंय!”

*

छोटा एक. तिकडं रोज संध्याकाळी वॉकीटॉकीवर हजेरी होते. एकेकाला हाक मारायची, त्यानं कुठून बोलतोय आणि ठीक आहे हे सांगायचं. नंदा परत आली तरी ही सवय गेली नाही, आणि मी अजून माझ्या घरी परतले नव्हते. दिवेलागणीला घराच्या मधे उभी राहायची आणि हाका मारायची.

“प्रकाश?”

“हॉल में। ठीक।”

“आई?”

“गच्चीवर. ठीक.”

“मम्मी?”

उत्तर नाही. “मम्मी? मम्मी, कुठं आहात?” उत्तर नाही. नंदा घाबरली, धावली. या खोलीत नाही, त्या खोलीत नाही. सासू शुगरवाली, पडली तर नाही? न्हाणीचं दार बंद. नंदानं दार धडाधडा वाजवलं, “मम्मी! ठीक आहात ना?”

आतून कुसुमबाईचा आवाज आला, “ठीक हाओ व! पन कुठून बोलून राहिली, थे नाई सांगनार!”

*

तर दिवसभर असे किस्से झाले, चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. संध्याकाळ आली, पण भांडण जिथल्या तिथं.

नंदानं मग तिकडची पद्धत काढली. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून ऐकायचं. मला गच्चीवर पाठवलं, कुसुमबाईला देवघरात.

“आई, तुझं म्हणणं काय?”

“मायं कायीच म्हननं नाई. थे सुदरली म्हंजे झालं.”

नंदा खाली गेली. कुसुमबाईचं उत्तर मला गच्चीवर ऐकू आलं. स्टेशनवरसुद्धा ऐकू आलं असेल. “मायी काईच हरकत नाई! तिनं तोंड बंद ठेवलं म्हंजे पुरे!”

नंदानं आम्हाला परत बैठकीत आणून बसवलं, स्वतः मधल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “दोन्ही बाजू शांततेला तयार आहेत. आता फक्त मुद्दे राहिलेत. बोला.”

“गुळाचा डबा,” कुसुमबाई लगेच म्हणाली. “मायाच घरात माया गूळ लपवते थे! वरनात खडाभर टाकाले मी घरभर हिंडते!”

“लपवीन!” मी म्हटलं. “शुगर तुले हाये का मले? वरनात गूळ पाह्यजे म्हने! यंदाई लपवीन!”

“तू कोन माया गूळ लपवनारी?”

“मागच्या वर्सी न्हानीपुढं चक्कर येऊन पडली, तईं कोनं उचललं तुले?”

“तूनंच उचललं! आन् मंग साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरली, का किती वजनदार हाये म्हून!”

“हायेस तं सांगतलं!”

“पाह्य नंदा! पाह्य!”

“काय पाहाचं? पंधरा दिवस हिचे पाय कोनं चेपले थे पन पाह्य म्हना!”

“चेपले का मुरगाळले? अजून दुखते!”

नंदानं दोघींकडं मान वळवली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन टोळ्यांच्या मधे उभी राहिलेली माझी पोरगी, पण त्या संध्याकाळी तिचा चेहरा उतरला. उठली. स्टूल भिंतीला लावलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्हाला दोघींना असं सोडून मी नाही जात. तिकडं माझं लक्ष लागणार नाही. मी नाही म्हणून कळवते.”

आणि तिनं फोन उचलला.

प्रकाशरावांनी पेपर खाली ठेवला. नंदा नंबर लावायला लागली.

“ए! कोनाले फोन करते व?” मी उठले. “ठेव थो खाली!”

माझ्या आधी कुसुमबाई पोहोचली. शुगरवाली, गुडघेवाली बाई, पण अशी झेपावली की नंदाच्या हातातला फोन तिच्या हातात आला कधी हे नंदालाही कळलं नाही. फोन तिनं खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

“मम्मी, फोन द्या.”

“नाई देत.”

“देऊ नको!” मी म्हटलं.

“मम्मी, अहो तुमच्यासाठीच मी...”

“आमच्यासाठी कायले?” कुसुमबाई म्हणाली. “आमी सांगतलं का तुले आमच्यात पडाले?”

“तेच तं!” मी म्हटलं. “सकाळपासून मधे स्टूल टाकून बसली! धड एक वाक्य पुरं बोलू देईन तं!”

नंदा आमच्याकडं पाहतच राहिली. मग हळूच विचारलं, “म्हणजे राहाल तुम्ही दोघी इथं? वर्षभर? न भांडता?”

“न भांडता?” कुसुमबाईनं असं विचारलं, जसं कोणी तिला वर्षभर न जेवता राहायला सांगितलं. फोनवर जरा आणखी नीट बसली, पदर सारखा केला, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि नंदाला म्हणाली,

“तू जाय व तिकडं, जगाचे भांडनं मिटव, आन् आमा दोघीले इथं सुखानं भांडू दे!”